लाउवदालची सावलीकडची बाजू

१४ ऑक्टोबर २००२, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. वही आश्लेषाच्या ऑफिसातली आहे. दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, आणि संध्याकाळी ती आली की पहिल्या दोन वाक्यांना माझा आवाज बसल्यासारखा निघतो. लिहिलं तर निदान वाक्यं तयार राहतील.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत येऊन सहा महिने झाले. आश्लेषा सकाळी सव्वासातला जाते, संध्याकाळी सातला येते. माझा व्हिसा तिचा नवरा म्हणून तिच्या व्हिसाला जोडलेला आहे, त्यावर काम करता येत नाही. साताऱ्याच्या छापखान्यात मी नऊ वर्षं प्रुफं वाचली. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच. इथे वाचायला प्रुफं नाहीत म्हणून मी दुधाच्या कॅनवरचा मजकूर वाचतो. अजून एकही चूक सापडलेली नाही.

अपार्टमेंटच्या लीझिंग ऑफिसातली बाई मला मिस्टर बर्गे म्हणते. बर्गे हे आश्लेषाचं आडनाव. दुरुस्त करायचं दोनदा राहून गेलं.

९ नोव्हेंबर

मंडळाची दिवाळी. शाळेच्या कॅफेटेरियात दोनशे माणसं. संजय म्हणून आश्लेषाच्या ओळखीचा एकजण आहे, त्याने विचारलं, “मग, तू कुठे आहेस?”

“ईडन प्रेरीत.”

“ते कळलं रे. क्लायंट कोण?”

मी माझ्या व्हिसाचं सांगितलं. तो म्हणाला, “ओह, एच-फोर! ऐश आहे यार तुझी. आमच्या बायकोला जरा समजाव, मी पण घरी बसायला तयार आहे.”

आश्लेषा मागे चिवडा घेत होती. “तुला घरी बसवलं ना संजय, तर शुभा घर सोडून जाईल,” ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. गाडीत मी तिला म्हणालो की माझ्या वतीने उत्तर द्यायची गरज नव्हती. ती म्हणाली, “ओके.”

एक चांगलं झालं. नरेंद्रकाका भेटले. १९६८ साली आलेले, पुलांचे इंजिनिअर, आता रिटायर. म्हणाले, “छापखान्यात होतास ना? माझ्या शेजारी ऑर्विल हौगन राहतो. चौऱ्याऐंशीचा आहे, डोळे गेलेत. आयुष्यभर दुधाचा धंदा केला आणि आता पुस्तक लिहायचं म्हणतोय. त्याला टाइप करणारा पाहिजे.”

“काका, मला काम करायची परवानगी नाहीये.”

“काम कुठलं? पगार कोण देतंय तुला! कॉफी मिळेल, ती पण पातळ.”

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पस्तीस मिनिटं चाललो. रस्त्याला फूटपाथ नाही, त्यामुळे गवतातून.

ऑर्विल हौगन उंच आहेत आणि मान थोडी वळवून बोलतात, कारण समोरचं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. म्हणाले, “मला ऑर्विल म्हण.” वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला नुसत्या नावाने कसं बोलवायचं? मी दोन तास नाव न घेता काढले. इथे ऑर्विलकाका लिहितो. त्यांच्या तोंडात प्रल्हादचा प्रॅल झाला.

पुस्तक लाउवदालचं आहे. नॉर्वेतली एक दरी, त्यांचं घराणं तिथून १८६६ साली निघालं. अशा प्रत्येक दरीच्या लोकांचा इथे एकेक संघ असतो, आपल्या मंडळासारखा, फक्त सगळे म्हातारे. लाउवदालच्या संघाला दरीचा इतिहास छापायचाय. जेवणघरात बुटांच्या खोक्यांची भिंत आहे. प्रत्येक शेताचं एक खोकं, प्रत्येक माणसाचं एक कार्ड. एकूण १,४१२ कार्डं.

मुदत मेअखेर. एक जूनला त्यांची मुलगी त्यांना फार्गोला नेणार आहे, वृद्धांच्या घरात. तिथे खोकी ठेवायला जागा नाही.

निघताना विचारलं, “कॉफी घेतली तर तो मोबदला धरतात का?” त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “माझी कॉफी? तिला कुणी मोबदला म्हणणार नाही.”

२६ नोव्हेंबर

मंगळवार आणि गुरुवार ठरले. भूगोलाचं प्रकरण झालं. दरी पूर्व-पश्चिम पसरलेली, मधून लाउवा नदी. उत्तरेच्या उतारावर ऊन पडतं, तिथे मोठी शेतं, चर्च आणि सातू. दक्षिणेचा उतार सावलीकडचा. तिथे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य जातो तो फेब्रुवारीतच येतो. तिकडे छोटी शेतं आणि कुळांची घरं. उन्हाळ्यात बायका गुरं घेऊन डोंगरावरच्या उन्हाळी गोठ्यांत राहायच्या आणि चीज करायच्या.

“समोर ऊन दिसतंय आणि आपल्या दारात नाही,” ऑर्विलकाका म्हणाले. “तीन महिने. माझी आजी म्हणायची, सावलीकडचे लोक म्हणूनच कमी बोलतात. उजेड बघण्यात वेळ जातो.”

आमचा फ्लॅटही उत्तरेकडे तोंड करून आहे. पार्किंगपलीकडच्या इमारतीवर दुपारी ऊन येतं. आज मी ते किती वाजता जातं ते पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं.

१२ डिसेंबर

इतिहासाचं प्रकरण. पूर, दरड, १८६५ नंतर अमेरिकेला निघालेली माणसं. मग चर्चजवळ दूधडेअरी आली, रेल्वे आलीच नाही. १९६४ साली दरी शेजारच्या मोठ्या पालिकेत मिळवली आणि लाउवदाल हे नाव सरकारी नकाशावरून गेलं.

मी टाइप केलेली नऊ पानं त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. म्हणाले, “वाईट नाही.” नरेंद्रकाका नंतर म्हणाले की मिनेसोटात याच्या वरचं कौतुक नसतं.

७ जानेवारी २००३

कार्डांना हात घातला. नावांची पद्धत पाहून आश्चर्य वाटलं. ओला लार्सन बाक्केन म्हणजे ओला, लार्सचा मुलगा, बाक्केन शेताचा. अगदी आपल्यासारखं. प्रल्हाद वामन कुंभोजकर. स्वतःचं, वडिलांचं, गावाचं. इतक्या लांबच्या लोकांनी हेच शोधून काढलं. आश्लेषाला दाखवलं. ती लॅपटॉपवर होती, म्हणाली, “अरे वा, कूल.”

१६ जानेवारी

एक घोळ सापडला. हौगन शेताच्या खोक्यात सगळे हौगन असायला हवेत. नाहीत. ओला लार्सन हा शाईत बाक्केन आहे, आणि कार्डाच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, “हौगन १८३९”. अशी तीनशेच्या वर कार्डं. शाईत एक आडनाव, पेन्सिलीत दुसरं. बहुतेक ठिकाणी पेन्सिलीचं साल लग्नाचं आहे.

म्हणजे कुणीतरी अंदाजाने सासऱ्याचं आडनाव लावलंय. बायकोच्या घरी राहायला गेला म्हणून पुरुष आपलं आडनाव टाकेल, हे कुठल्याच देशात होणार नाही. आम्ही कुंभोज सोडून चार पिढ्या झाल्या, तरी कुंभोजकरच.

ऑर्विलकाकांना विचारणार होतो. पण त्यांना दिसत नाही, आणि चूक दाखवली तर त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामाला नावं ठेवल्यासारखं होईल. मीच नीट लावतो. ज्याचं जे आडनाव, त्या खोक्यात तो. पेन्सिल हलकी आहे, मऊ खोडरबराने पूर्ण जाते.

११ फेब्रुवारी

३१८ कार्डं स्वच्छ झाली. एकाही कार्डाचा कागद खरवडला नाही. सगळी माणसं आपापल्या वडिलांच्या शेतावर परत गेली. कॉम्प्युटरवरची यादीही तशीच लावली. या देशात आल्यापासून एखादं काम पूर्ण केल्यासारखं आज पहिल्यांदा वाटलं.

हौगन शेत मात्र १८३९ नंतर रिकामं दिसतं. पुराने गेलं असेल.

आश्लेषाने जेवताना विचारलं, “खूश दिसतोयस?” मी म्हणालो, “वाईट नाही.”

६ मार्च, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

दुपारी कॉफी पिताना मी सहज विचारलं की हौगन शेत कुठल्या पुरात गेलं.

“गेलं? हौगन कधीच गेलं नाही. माझे पणजोबा तिथूनच निघाले.”

“पण १८३९ नंतर तिथे कुणीच नाही.”

“३९ साली तर ते आले तिथे! ओला. जन्माने बाक्केन, सावलीकडचा. हौगनची मुलगी एकुलती होती, म्हणून तो तिच्या घरी गेला. एक लाकडी पेटी घेऊन नदी ओलांडली. रात्री झोपला बाक्केन, सकाळी उठला हौगन.” ते हसले. “जिथे राहतोस, ते तुझं नाव. शेत बदललं की नाव बदलायचं. शेत माणसाचं नसतं, माणूस शेताचा असतो. हे तर तुला एव्हाना पाठ असेल, प्रॅल.”

मी हो म्हणालो.

“लव्हर्न नसती तर हे धागे लागलेच नसते. मी नुसत्या बाप्तिस्म्याच्या नोंदी शाईने उतरवून आणल्या होत्या. १९७४ च्या उन्हाळ्यात ती सहा आठवडे तिथल्या चर्चच्या वह्या घेऊन बसली आणि कोण कुठे गेला ते प्रत्येक कार्डावर लिहिलं. पेन्सिलीने. शाई नको म्हणायची. चुकलं तर खोडता आलं पाहिजे.”

लव्हर्न म्हणजे त्यांची बायको. जाऊन अकरा वर्षं झाली.

घरी येताना गवतावर बर्फ होतं. रस्त्याच्या कडेने आलो. गाड्यांनी हॉर्न दिले.

७ मार्च

काही नाही.

१० मार्च

त्यांना दिसत नाही. आठवेल तेवढं यादीत दुरुस्त करून टाकलं तर त्यांना कधीच कळणार नाही. पण मला तीनशे अठरातले चाळीससुद्धा आठवत नाहीत. हौगन, बाक्केन आणि आणखी थोडे. आणि सांगितलं तर मंगळवार-गुरुवार गेले. मग आठवड्यात काय राहतं ते लिहीत नाही.

११ मार्च

सर्दीचं कारण सांगून गेलो नाही. फोनवर म्हणाले, “सूप पी.” गुरुवारीही जाणार नाही.

१५ मार्च, शनिवार

आश्लेषाला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. लॅपटॉप बंद केला.

“खोडलंस कशाला पण? बाजूला प्रश्नचिन्ह टाकायचं. तू प्रुफं वाचायचास ना? नेहमी तेच करायचास की.”

“मला खात्री होती.”

“कशाची?”

“की पुरुष असं करणार नाही.”

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “प्रल्हाद, तुला जास्त वाईट कशाचं वाटतंय? पेन्सिल गेली त्याचं, की तो ओला खरंच गेला त्याचं?”

हा काय प्रश्न झाला? मी उठून कणीक मळली. डब्यात कालच्या पोळ्या होत्या, तरी मळली.

नंतर ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. “मंगळवारी सांग त्यांना. मी सोडू का तुला? मीटिंग कॅन्सल करते.”

“नको, चालत जाईन.”

१८ मार्च, मंगळवार

इंग्रजी वाक्यं कागदावर लिहून नेली होती, सात. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

“सगळी?”

“तीनशे अठरा.”

“वेल,” ते म्हणाले. त्यांनी जवळच्या खोक्यातून एक कार्ड काढलं आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत होते.

“गेली तीन वर्षं मला तिचं अक्षर दिसत नव्हतंच. पण ते तिथे आहे हे माहीत असायचं.”

माझी चार वाक्यं राहिली होती. ती वाचण्यात अर्थ नव्हता.

“तुझी कॉफी गार झाली,” ते म्हणाले. “आज घरी जा.”

२० मार्च

गुरुवार. गेलो नाही, त्यांनी बोलावलं नाही. टीव्हीवर युद्ध सुरू झालंय, सगळ्या चॅनेलवर तेच.

२७ मार्च

ऊन आता समोरच्या इमारतीवर सहानंतरही असतं.

आश्लेषा हल्ली साडेपाचला येते. काही विचारत नाही. काल तिने चहा केला आणि माझ्या शेजारी बसून नुसता पार्किंग लॉट बघत प्यायली.

३ एप्रिल

नरेंद्रकाकांचा फोन. “काय केलंस रे तू त्या ऑर्विलला? खोकी ओट्यावर मांडून बसतो नुसता. मी विचारलं, मुलगा का येत नाही? तर म्हणतो, आजारी आहे. अजून आजारी आहेस का?”

“नाही काका.”

“मग?”

सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “अरेरे. लव्हर्न फार टापटिपीची होती.”

८ एप्रिल

मला हे आधीच सुचायला हवं होतं. छापखान्यात आमचे फोरमन जुना दस्तऐवज कंदिलापुढे आडवा धरायचे. पेन्सिल जाते, पण दाब राहतो. घरातल्या एका कागदावर लिहिलं, खोडलं, टेबललॅम्प जमिनीवर ठेवून कागद आडवा धरला. वाचता येतं! सगळं नाही. दाबून लिहिलेलं येतं.

फोन उचलला आणि तीन वेळा ठेवला. चौथ्यांदा लावला. त्यांनी ऐकून घेतलं. “दिवा माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “गुरुवारी ये.”

१० एप्रिल, गुरुवार

त्यांनी जेवणघराचे पडदे ओढून ठेवले होते. उजेड त्यांना एरवी हवा असतो.

अकरा कार्डं वाचली. मी शेताचं नाव वाचतो, ते मान हलवतात. कॉफी दिली नाही. पूर्वीसारखं झालेलं नाही, आणि होईल असं मला वाटत नाही. पण निघताना “मंगळवारी ये” असं न म्हणता म्हणाले, “उद्या ये.”

२ मे

रोज जातोय. दिव्याने १९० कार्डं वाचली. बाकी १२८ वर काहीच दिसत नाही. लव्हर्नबाई थकल्या की हलकं लिहीत असाव्यात.

आज ऑर्विलकाका म्हणाले, “खोकी बंद कर. माझ्याबरोबर चल.” आणि खुर्चीत बसल्या बसल्या दरीतून चालायला लागले. खरोखर तसंच. डोळे मिटलेले, बोटं गुडघ्यावर. “पूल ओलांडला. डावीकडे पाद्र्याचं शेत. त्याच्या वर सोलबर्ग. सोलबर्गला दोन मुली, थोरलीने नीगार्डच्या निल्सला घरी आणलं. तो कोण झाला?”

“निल्स सोलबर्ग.”

“चढ आहे, दमाने चल.”

१९७४ साली तिथे ते आणि लव्हर्नबाई रोज कार्डं वाचून संध्याकाळी त्या शेतांपर्यंत चालत जायची म्हणे, कोण कुठे गेला ते मोठ्याने म्हणत. कार्डं डोळ्यांसमोर येत नाहीत, वाट येते.

आम्ही उन्हाकडच्या बाजूने नवव्या शेतापर्यंत गेलो. मी टाइप करत होतो. मध्येच त्यांनी विचारलं, “तू लग्न झाल्यावर नदी ओलांडलीस का?”

मी म्हणालो, “समुद्र.”

“हं. मोठी पेटी होती?”

“बत्तीस किलोच्या दोन.”

ते हसले. मार्चनंतर पहिल्यांदा.

१६ मे

उन्हाकडची बाजू संपली. सावलीकडून परत येतोय. इथे चालणं हळू होतं. घरं लहान, वाटा बुजलेल्या. काही घरांपाशी ते थांबतात आणि मी टाइप न करता नुसता थांबतो.

आज बाक्केन आलं. “ओला इथून गेला,” ते म्हणाले. “त्याच्या आईने दारातून त्याला पाहिलं असणार. समोरच दिसतं हौगन, नदीपलीकडे, उन्हात.” मग पुढे म्हणाले, “फार लांब नाही. हाक मारली तर ऐकू जाते.”

मी कार्ड हौगनच्या खोक्यात ठेवलं आणि यादीत लिहिलं: ओला लार्सन हौगन.

२२ मे

आश्लेषाच्या कंपनीने तिला डब्लिन, ओहायोचा प्रोजेक्ट दिलाय, ऑगस्टपासून. “तुला चालेल का? खरं सांग, म्हणजे मी तसं सांगते त्यांना.” मी म्हणालो, विचार करतो. खोटं बोललो. तिथे काय असेल याची मला भीती वाटते, आणि ती भीती विचार केल्याने कमी होणारी नाही.

२९ मे, गुरुवार

शेवटचा दिवस. मुलगी आली होती, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. संघाचा माणूस चारला पानं न्यायला येणार होता.

दरीच्या सावलीकडच्या टोकाला, जंगलाला लागून, कुळांची चार घरं होती. तिथे ऑर्विलकाका थांबले ते थांबलेच. माझ्या हातात अकरा कार्डं उरली होती. दिव्याने वाचता येत नव्हती आणि त्यांना आठवत नव्हती. बाकी सगळ्या शेतांची माणसं लागली होती, म्हणून हे अकराही पुरुष या चार घरांपैकी कुठेतरी लग्न करून गेले होते, एवढं नक्की होतं. कोण कुठे, ते नाही.

“त्या दिवशी पाऊस होता,” ते म्हणाले. “आम्ही इथपर्यंत आलोच नाही. उद्या जाऊ म्हणाली.”

तीन वाजून गेले होते. मी म्हणालो की मी तिथल्या चर्चला पत्र लिहितो, उत्तर येईपर्यंत पुस्तक थांबवता येईल. मला रिकामं सोडवत नाही हे त्यांना आता कळतं. त्यांनी मान वळवली, कडेने माझ्याकडे पाहिलं.

“प्रॅल, चार घरं लिही. नावानिशी.”

मी लिहिली.

“आता त्यांच्याखाली अकरा माणसं लिही. नुसती. कोण कुठल्या घरातला, ते लिहू नकोस.”

“मग त्यांचं आडनाव?”

“नको. हिवाळ्यात तसेही सगळे एकाच घरी बसत असतील, लाकूड वाचवायला.”

मी अकरा नावं टाइप केली. स्वतःचं, वडिलांचं, आणि पुढे कोरी जागा. पान छापून त्यांना वाचून दाखवलं. कोऱ्या जागेपाशी दर वेळी थोडा थांबलो, अकरा वेळा. ते ऐकत होते. आतल्या खोलीत मुलीचा कागद गुंडाळायचा आवाज थांबला होता, तीही ऐकत असावी.

“चुका?” त्यांनी विचारलं.

मी पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“नाहीत,” मी म्हणालो.